आमच्या मंडळातल्या एक बाई

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

कोल्हापूरहून परत आलो. गाठ कॅन्सरचीच आहे.

लिहून टाकलं एकदाचं. दिवाळीच्या आधी अंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला लागली होती, सुपारीएवढी. चकल्या व्हायच्या होत्या म्हणून तेव्हा गप्प बसले. नंतर इथे रत्नागिरीत डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढला आणि रिपोर्ट आल्यावर कोल्हापूरचा पत्ता दिला. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या लेकीएवढ्या, राहीएवढ्याच, पण बोलायला स्पष्ट. मला अशी माणसं आवडतात. म्हणाल्या, "काकू, काखेतल्या एका गाठीतही गेलाय. त्यापुढे गेलेला दिसत नाही. पण हा प्रकार लवकर पसरणारा आहे. आधी सलाईनमधून औषधं, पाच-सहा महिने. मग ऑपरेशन. पुढच्या आठवड्यातच सुरू करू."

रिपोर्टात तीन गोष्टींपुढे निगेटिव्ह लिहिलंय. ते वाचून हे एकदम खूश. "निगेटिव म्हणजे नाय ना काय? मग झालं तर!" डॉक्टरीणबाईंनी समजावलं, त्या तीनपैकी एखादी गोष्ट असती तर तिच्यावरचं नेमकं औषध देता आलं असतं. नाही म्हणून सरसकट जालीम औषधं द्यायची. ह्यांचा चेहरा पडला. वाटेत साखरप्याला गाडी थांबली, तर चहासुद्धा नको म्हणाले.

मी माझं ठरवलंय. राहीला पाचवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही मी काढलेलं नाही. माझं माझ्या आईने केलं, तिचं तिच्या आईने. सातव्यात राहीला पुण्याहून आणायची, एप्रिलमध्ये बाळंतपण, पुढे सव्वा महिना तिची आणि बाळाची उठबस. मे संपता संपता मी मोकळी. मग लावा काय ती सलाईनं. एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीवर जन्म गेला माझा. सगळ्यांना एकाच दिवशीची गाडी हवी असते, आणि कोणाला तरी पुढची बघा म्हणावंच लागतं.

ह्यांना आमच्या ग्रामदेवाची, भैरीबुवाची शपथ घातली. राहीशी यातलं एक अक्षर बोलायचं नाही. पोटुशी पोर, तिच्या जिवाला घोर नको. ह्यांनी देवाकडे तोंड करून म्हटलं, "राहीशी बोलणार नाय." ह्यांच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, पण भैरीबुवाला घाबरतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

राही आणि आमचा जावई वेद पुण्याला असतात. ती तिथे एका संशोधन संस्थेत आहे. तिचं काम म्हणजे अंडी. उबवायला ठेवलेल्या अंड्याच्या कवचाला कात्रीने खिडकी पाडायची आणि आत वाढणारं पिल्लू भिंगातून बघायचं. मागे एकदा आम्हाला दाखवलं होतं. मोहरीएवढा लाल ठिपका उडत होता. म्हणाली, हे हृदय. हे म्हणाले, एवढी शिकली नि आमलेटच्या आधीचं बघते.

तेव्हाच ती बोलता बोलता म्हणाली होती की कॅन्सरवाले लोकही तिचे पेपर वाचतात. ते डोक्यात होतं. म्हणून आज फोन करून सांगितलं, "आमच्या महिला मंडळात कॅन्सरवर व्याख्यान ठेवलंय, प्रास्ताविक माझ्याकडे आलंय. तुझ्या अंड्यांचा नि कॅन्सरचा काय संबंध तेवढं सांग."

आईने कामाबद्दल कधी नव्हे ते विचारलं म्हणून पोरगी इतकी खुलली की थांबेना. बाळ अगदी सुरुवातीला नुसता पेशींचा पापुद्रा असतो म्हणे. सगळ्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून. मग पाठीच्या कडेच्या काही पेशींना हुकूम येतो, सुटा. त्या चिकटणं सोडतात, आकार बदलतात आणि चालत निघतात. कोणाचं जबड्याचं हाड होतं, कोणाची नस, कोणी कातडीला रंग देतात. हा हुकूम देणारी जी जनुकं असतात त्यातल्या एकाचं नाव चक्क गोगलगाय आहे. फळांवरच्या माश्यांवर संशोधन करणाऱ्या कोणी तरी ठेवलेलं.

मी म्हटलं, "म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय."

राही केवढ्याने हसली. "आई, हे मी माझ्या लेक्चरमध्ये घालणार!"

"आणि कॅन्सर?"

"बाळ तयार झालं की ही जनुकं बहुतेक गप्प बसतात. जखम भरताना जराशी उठतात, परत झोपतात. कॅन्सरच्या गाठीतल्या काही पेशी हीच जुनी जनुकं पुन्हा चालू करतात. मग चिकटून बसलेली पेशी सुटते, रक्तात शिरते आणि दुसरीकडे जाऊन बस्तान बसवते. पसरण्याची बाकीही कारणं आहेत, पण हे त्यातलं एक मोठं."

फोन ठेवल्यावर बराच वेळ ते डोक्यातून जाईना. राहीच्या पोटात जी जनुकं बाळ घडवतात, तीच माझ्या छातीत उचापती करतायत म्हणायची. तिकडे पेढे, इकडे सलाईन. पण नाव गोगलगाय आहे म्हणजे चाल बेताचीच असणार. एप्रिल काही फार लांब नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

हे शेजारच्या सागरच्या मोबाईलच्या दुकानात जाऊन, कागदाचा फोटो कसा काढतात आणि कसा पाठवतात ते शिकून आले. विचारलं तर म्हणे वीजबिल. आमचं वीजबिल कोणाला पाठवायचंय? पण सगळी नोकरी वीज मंडळात गेली, अजून बिल हातात आल्याशिवाय चैन पडत नसेल.

माझी कोल्हापूरची फाईल कपाटात भलत्याच खणात सापडली. वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय या घरात मला एकटीलाच आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

राहीचा फोन सकाळीच आला. एरवी ती या वेळेला कामावर असते. आवाज बसलेला. सर्दी झालीय म्हणाली. मी सुंठ घ्यायला सांगितली. मग म्हणाली, "आई, तुमच्या मंडळात कोणाला झालाय का गं कॅन्सर? म्हणून ठेवलंय का व्याख्यान?"

मी बेसावध होते. पण खिडकीवर बसलेल्या बाईला उत्तर सुचायला वेळ लागत नाही. म्हटलं, "हो ना. आमच्या मंडळातल्या एक बाई आहेत. माझ्याच वयाच्या." मनात म्हटलं, बरंच झालं. आता या बाईंच्या नावावर हवं ते विचारता येईल.

"मग औषधं कधी सुरू करतायत त्या?"

"एप्रिलनंतर. मुलीचं लग्न आहे घरात."

मग म्हणाली, "मुलीला विचारलं का त्यांनी?"

"मुलीला काय विचारायचं? तिला पत्ताच लागू दिला नाहीये. तिच्या आनंदात विरजण कशाला?"

"आई, त्या बाईंना माझ्यातर्फे सांग. काखेत गेलाय म्हणजे काही पेशी सुटायला लागल्यात. सुटलेल्यांतल्या बऱ्याच वाटेतच मरतात. पण एखादी लिव्हरमध्ये नाही तर फुप्फुसात जाऊन बसली, की मग तो बरा होण्यातला राहत नाही. आज बरा होण्यातला आहे. एप्रिलमध्ये असेल का, हे कोणी सांगू शकत नाही."

काखेतलं मी तिला कधी सांगितलं ते आठवत नाही. बोलण्याच्या ओघात सांगितलं असेन.

"पण नाव तर गोगलगाय आहे," मी म्हटलं.

"आई!" अशी ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला.

मी विचारलं, बाळात एवढं चांगलं काम करणारी जनुकं गाठीत जाऊन एवढी बिघडतात कशी? तर म्हणाली, त्यांचं काम तेच असतं. बाळात शेजारच्या पेशी सांगत असतात, इथे वळ, इथे थांब, आता तू हाड हो. गाठीत ते सांगणारं कोणी नसतं. हे मला लगेच कळलं. कंट्रोलर जागेवर नसला की डेपोत काय होतं ते मी बघितलंय. गाड्या त्याच, ड्रायव्हर तेच.

मला भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही. पण राहीला माहेरी आणायची नाही तर कुठे? विहीणबाई चांगल्या आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेत. आणि पहिलटकरणीला आईच लागते. मी राहीच्या वेळेला आईचं मनगट असं आवळलं होतं की पुढे आठवडाभर तिला बांगड्या चढल्या नाहीत. मी नसेन तर राही कोणाचा हात धरणार?

३ डिसेंबर, मंगळवार

माळ्यावरून पाळणा उतरवून घेतला. एक कडी गंजलीय, ती बदलायची. हळीव आणि डिंक आणला. मधली खोली रिकामी केली, तिथे वारा चांगला येतो.

डॉक्टरीणबाईंचा फोन होता. तारीख का घेतली नाही म्हणून रागावल्या. मी जूनची द्या म्हटलं. "काकू, तुम्ही खेळताय का?" म्हणाल्या. वयाने लहान आहेत म्हणून सोडून दिलं.

जेवताना ह्यांना सांगितलं तर ताटावरून उठले. पुढ्यात सुरमईचा तुकडा होता, तो टाकून उठले. असं कधी झालं नाही. म्हणाले, "तू मेलीस तर पाळणा कोण हलवील?" माणसाने इतकं अभद्र बोलू नये.

८ डिसेंबर, रविवार

राहीचा फोन आला. "आई, मी बाळंतपणाला रत्नागिरीला येणार नाही. इथेच पुण्यात करणार." आधी वाटलं, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं असेल. तसं काही नाही. मी म्हटलं, "अगं, पहिलं बाळंतपण सासरी? लोक काय म्हणतील? रत्नागिरीत काय बायका बाळंत होत नाहीत?"

तर म्हणाली, "मला तुझ्या हाताखाली जमणार नाही. तू सारखे हुकूम सोडतेस. हे खा, ते खाऊ नको, खिडकी लाव, पाय झाक. मला शांतता हवी आहे." एका सुरात बोलत होती, मध्येच थांबत होती. मी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं? वेदने? की सासूने?" तर म्हणाली, "कोणी नाही. माझं मीच ठरवलंय. आणि तूही इकडे येऊ नकोस." आणि फोन ठेवला.

मी रडले. खिडकीवर लोकांनी तोंडावर शिव्या दिल्या तेव्हा कधी रडले नव्हते. एकुलती एक मुलगी. तिच्यासाठी मी जीव टांगणीला लावून बसले आणि तिला माझा जाच होतो.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरां झालां." बायकोच्या काळजाला घरं पडलीत आणि नवरा म्हणतो बरं झालं. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

पाळणा परत माळ्यावर टाकायला लावला. हळीव येसूबाईला देऊन टाकले. येसूबाई म्हणजे मिरकरवाड्याहून दारावर मासळी घेऊन येते ती. तिची सून दिवसांत आहे.

आता एप्रिलपर्यंत थांबायचं कोणासाठी? मीच कोल्हापूरला फोन लावला आणि पुढच्या सोमवारची तारीख घेतली. लेकीला आई नको असेल तर नको. निदान रिकामी तरी बसणार नाही. तारीख घेतली म्हणून ह्यांना सांगितलं, तर हे पडवीत गेले आणि उपरण्याने डोळे पुसत बसले. राहीचं वागणं त्यांनाही लागलंय, दाखवत नाहीत एवढंच.

१६ डिसेंबर, सोमवार

पहिलं सलाईन झालं. औषध लालभडक, कोकमाच्या सरबतासारखं. दुखलं काहीच नाही. बाजूच्या खाटेवर सांगलीच्या एक बाई होत्या, त्यांची मुलगी सोबत आली होती. आईचे पाय चेपत होती. मी दुसऱ्या कुशीवर वळले.

४ जानेवारी, शनिवार

केस गेले. उशीवर, मोरीत, पोळपाटावरसुद्धा. शेवटी मांडवीच्या नाक्यावरच्या न्हाव्याला घरी बोलावून सगळे काढायला लावले. आरशात बघितलं. माझे वडील दिसले.

मासळीचा वास सहन होत नाही. जन्मभर ज्याच्याशिवाय घास उतरला नाही तो वास. पेज आणि लिंबाचं लोणचं यावर दिवस चाललाय. येसूबाई दारात आली, माझ्या डोक्याचा रुमाल बघितला आणि टोपली तशीच अंगणाबाहेर ठेवून परत आली. म्हणाली, "वयनी, माझ्या जावेला झालेला. आता ती माझ्या आधी बंदरावर पोचते, नि भाव पण माझ्यापेक्षा जास्त लावते." बरं वाटलं. हे सगळं बोलायला पोटची मुलगी हवी होती, हेही वाटलं.

राही रोज ह्यांना फोन करते. मी घेत नाही. हे फोनवर काही बोलतच नाहीत. नुसतं "हूं", "नाय", "हां, दोनदा झाल्या" असलं काही तरी. बापलेकीचं काय चालतं देव जाणे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ह्यांनी फोन सरळ माझ्या कानाला लावला. सणाच्या दिवशी तोंड कुठे फिरवायचं?

"आई, तिळगूळ घे."

"घेतला."

मग म्हणाली, "तुमच्या मंडळातल्या त्या बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. औषध सुरू केलं त्यांनी."

"आणि मुलीचं लग्न?"

"मोडलं. मुलीनेच मोडलं. नालायक निघाली."

मग म्हणाली, "असेल नालायक. पण बाईंनी औषध सुरू केलं ना?" आणि एकदम भराभर बोलायला लागली. बाईंना सांग, ताप आला तर घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. बाईंना सांग, न शिजवलेलं काही खायचं नाही. बाईंना तोंड आलंय का? आलं असेल तर मिठाच्या पाण्याने गुळण्या. पुढचं सलाईन कितीही नकोसं वाटलं तरी चुकवायचं नाही.

परक्या बाईची हिला केवढी काळजी! आईला मात्र इकडे येऊ नकोस म्हणते. फोन ठेवल्यावर तोंड आलंच होतं म्हणून मिठाच्या गुळण्या केल्या. उतार पडला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी हाताने तपासलं, मग सोनोग्राफी केली. गाठ निम्म्याहून लहान झालीय. काखेतली तर बोटाला लागतच नाही. "काकू, औषध छान लागू पडतंय," म्हणाल्या. ह्यांनी दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून लगेच कोणाला तरी मेसेज टाकला. हल्ली टायपिंगही येतं.

रविवारी पुण्याला राहीचं डोहाळजेवण झालं. विहीणबाईंचं बोलावणं होतं. पांढऱ्या पेशी खाली आल्यात, गर्दीत जायचं नाही. मी गुडघा दुखतोय म्हणून कळवलं. फोटो आलेत. फुलांचे दागिने छान केलेत, पण राहीचा चेहरा सुजल्यासारखा वाटतो. बाजूला आईचा पाट मांडलाय, रिकामा. फोटो काढताना तो उचलून ठेवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

१६ मार्च, रविवार

शिमग्याची पालखी आली. मला गर्दीत उतरता येत नाही, मी वरच्या खिडकीतून हात जोडले. हे खाली पालखीपाशी जाऊन उभे राहिले. ढोल थांबला तेवढ्यात ह्यांचा आवाज वरपर्यंत आला. "बोललो नाय हां मी. शपथ मोडली नाय. बोललो नाय." मान खाली, कान हातात. देवापुढे आपल्या चांगुलपणाचा असा हिशोब द्यावा लागतो का कोणाला? पण मनातून बरं वाटलं. एवढे महिने ह्यांनी शब्द पाळला खरा.

१७ एप्रिल, गुरुवार

राहीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

जाता आलं नाही. परवाच सलाईन झालंय. मी डोक्याला शाल गुंडाळून व्हिडिओ कॉलला बसले. एप्रिलच्या उकाड्यात शाल बघून विचारेल म्हणून कान दुखतोय असं उत्तर तयार ठेवलं होतं. तिने विचारलंच नाही. बाळंतीण ती, तिला कुठलं भान. माझ्याकडे नुसती बघत राहिली.

बाळाचं नाक आमच्याकडचं, हनुवटी वेदची. त्या चालत जाणाऱ्या पेशींची आठवण झाली. हे सगळं त्यांनीच केलेलं. पाठीच्या कडेवरून निघाल्या, नाकाच्या जागी थांबल्या, हनुवटीच्या जागी थांबल्या. त्याच सुमाराला इकडे माझ्या अंगातल्या काही निघाल्या आणि थांबायचं विसरल्या. मला त्यांचाही राग येईना. एवढं गोड नाक करणाऱ्यांना शिव्या कशा द्यायच्या?

मग मात्र रडू आलं. नेटवर्क गेलं असं सांगून कॉल बंद केला.

१२ जून, गुरुवार

ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं. गाठीची जागा काढली आणि काखेतल्या गाठी काढल्या. आज रिपोर्ट आला. जिवंत कॅन्सर कुठेही सापडला नाही. डॉक्टरीणबाईंनी तो रिपोर्ट मला दोनदा वाचून दाखवला. ऑगस्टपर्यंत लाईट, म्हणजे किरणांचा शेक द्यायचा, मग तपासण्या चालू राहतील. हा प्रकार परत येऊ शकतो, पुढची दोन-तीन वर्षं जपायचं, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही डिसेंबरात आलात म्हणून हे दिसतंय, काकू. जूनमध्ये आला असतात तर मी आज वेगळं काही तरी सांगत असते."

डिसेंबरात मी कशी आले ते त्यांना काय ठाऊक. रागाने आले. माणसाचा राग कधी कधी कामाला येतो.

आता राहीला सांगायला हरकत नाही. लाईट सुरू व्हायच्या आधी पुण्याला जाऊन येते. तिने येऊ नकोस म्हटलंय, म्हणू दे. आजी आहे मी. आणि तिला एवढंही बोलायचंय की तू मला तोडून टाकलंस तेव्हा माझ्यावर काय प्रसंग होता ते बघ. तिला वाईट वाटेल. थोडं वाटायलाच हवं.

२२ जून, रविवार. पुणे

वाटभर घोकत आले. आधी बाळाला घ्यायचं, मग चहा, मग राहीला आत बोलावून दार लावायचं आणि सुरुवात अशी करायची, "राही, मी सांगते ते शांतपणे ऐक, रडायचं नाही." केस बोटभर आलेत, त्यांच्याबद्दल उन्हाळ्यात बारीक कापले असं सांगायचं ठरलं होतं, खरं कळेपर्यंत.

दार राहीने उघडलं. वाळलीय. खांद्यावर आमची नात, सानवी. मी जिन्याच्या कठड्याला उजव्या हाताने धरून चढले होते, म्हणून आंब्याच्या वड्यांची पिशवी डाव्या हातात होती. काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताने ओझं उचलायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, पण एका मजल्याने काय होतंय?

राहीने आधी ती पिशवी काढून घेतली. "हा हात नाही, आई." मग सानवीला माझ्याकडे देताना मधेच थांबली, दुसऱ्या बाजूला आली आणि तिला माझ्या उजव्या खांद्यावर ठेवलं. "इकडे घे. तिकडचे टाके ओढतील."

मी तिच्याकडे बघत राहिले. ऑपरेशनचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मागे हे चप्पल काढत होते, आणि काढतच होते.

"तुम्ही हिच्याशी बोललात?" मी विचारलं.

"नाय," हे म्हणाले. "नुसते फोटो पाठवले. सगळ्या कागदांचे."

"कधीपासून?"

उत्तर राहीने दिलं. "नोव्हेंबरपासून."

मी सानवीला घेऊन तिथल्याच खुर्चीत बसले. नोव्हेंबर. म्हणजे ती सर्दी. म्हणजे मंडळातल्या बाई, गुळण्या, रिकामा पाट. म्हणजे डिसेंबरातला तो फोन. मी म्हटलं, "मग माझ्या हाताखाली जमणार नाही म्हणालीस ते? इकडे येऊ नकोस म्हणालीस ते?"

राही माझ्यासमोर जमिनीवर बसली. "तू दुसऱ्या कशाने ऐकलं असतंस का?"

मी विचार केला. खोटं बोलायला आता काही कारण उरलं नव्हतं. "नसतं ऐकलं," म्हटलं.

विहीणबाईंनी चहा आणला. त्या सांगत होत्या, कळा फार लांबल्या, वेदला आत येऊ दिलं नाही, नर्स तरी चांगली होती. राही पटकन उठली आणि कपबशा घेऊन आत गेली. सानवी माझ्या खांद्यावर झोपून गेली होती.

त्या वेळी राहीने कोणाचा हात धरला, एवढं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण विचारवलं नाही.